गॅरेजवाल्या काकांना उत्तर: सिएनाचा ॲक्सल, घोड्या आणि जोडीचा आग्रह

नमस्कार काका,

('चिंचवडच्या गॅरेजात आयुष्य घासलेला काका' ही सही तुमचीच, म्हणून तोच मान ठेवतो.)

माझ्या टोयोटा सिएनाचा उजवा सीव्ही ॲक्सल (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या चाकापर्यंत नेणारा सांध्यांचा दांडा) घरच्या ड्राइव्हवेवर बदलला, त्या लेखावर तुम्ही चांगलीच झाडाझडती घेतली आहे. इतरांसाठी थोडक्यात: हे हौशी लोकांचं काम नाही, लिफ्ट नसताना गाडीखाली शिरणं म्हणजे मरण ओढवून घेणं, नुसता बूट (सांध्यावरचं ग्रीस धरून ठेवणारं रबरी आवरण) बदलून भागलं असतं, बदलायचाच होता तर जोडीने बदलायचा, खालचा बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा सांधा) सोडला म्हणजे अलाइनमेंटची, चाकांच्या जुळवलेल्या कोनांची, वाट लागली, आणि आमच्याकडे हे काम पोऱ्या पाऊण तासात करतो, त्यात लेख लिहिण्यासारखं काय? शेवटी 'अमेरिकेत गेलं की पाना धरणारा प्रत्येक जण स्वतःला इंजिनिअर समजतो' हेही आहे. ते वाक्य बायकोने घरच्या ग्रुपवर टाकलंय.

आधी मरणाचं बोलू, कारण त्यात तुमचं खरं आहे. गाडीखाली माणसं मरतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: गाडी नुसत्या जॅकवर उभी असते. डिकीतला कात्री-जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, आणि हायड्रॉलिक जॅकचं सील कधीही निकामी होऊ शकतं. म्हणून वजन घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर. पण घोडीवरही आंधळा विश्वास नको. २०२० साली इथल्या एका मोठ्या हत्यारांच्या दुकानसाखळीने लाखो घोड्या परत मागवल्या. दात्यांत अडकणारी खुंटी वजनाखाली सटकू शकत होती. तेव्हापासून माझी पद्धत अशी: सपाट काँक्रीट, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, हँडब्रेक, दोन घोड्या, जॅकही टेकवून ठेवलेला, आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवलेलं. मग आत शिरायच्या आधी गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवायचं. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. लिफ्ट सोयीची आहे, वाद नाही. पण नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली पोऱ्याला आडवं घालणारी गॅरेजंही तुम्ही पाहिली असतील.

बुटाबद्दल. बूट नुकताच फाटला असेल, ग्रीस बाहेर उडालंय पण जॉइंट अजून गप्प आहे, तर तुमचं शंभर टक्के बरोबर. जॉइंट खोलायचा, धुवायचा, नवं ग्रीस, नवा बूट. कंपनीचा मूळ ॲक्सल वाचवणं केव्हाही चांगलं. माझा गप्प नव्हता. पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग कापून निघालं की कट-कट-कट, चाकाच्या वेगाबरोबर वाढणारं. हा आवाज तुम्ही मारुती ८०० पासून ऐकत आला आहात, तुम्हाला मी काय सांगणार! बाकीच्यांसाठी सांगतो: बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा गोळ्या सहा खाचांत फिरतात. चाक कितीही वळलं तरी त्या गोळ्या दोन्ही शाफ्टमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, म्हणून चाकाला मिळणारा वेग एकसारखा राहतो. प्रोपेलर शाफ्टच्या साध्या क्रॉस-जॉइंटमध्ये कोन पडला की वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. मागच्या चाकांना ते खपतं, वळणाऱ्या पुढच्या चाकांना खपत नाही. (फोर्डमध्ये काम केलेल्या अल्फ्रेड झेपा यांनी १९२० च्या दशकात ही गोळ्यांची रचना बसवली, म्हणजे ही इथे मिशिगनमध्ये माझ्या शेजारगावचीच विद्या.) तुम्ही म्हणता ओम्नीला असली भानगड नाही. नाहीच. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ताकद जाते मागच्या चाकांना. सिएना पुढच्या चाकांवर ओढते.

काढलेला जॉइंट मी घरी कापून पाहिला. फाटक्या बुटातलं ग्रीस काळं राहिलं नव्हतं, गंजाच्या रंगाचं झालं होतं. बोटांत चोळलं तर बारीक वाळू कचकचली. कापडाने पुसून खाचेतून नख फिरवलं तर गोळी जिथे जास्त वेळ बसते तिथे ते अडकलं, चक्क खड्डा. असल्या खाचेत नवं ग्रीस भरून वर नवा बूट चढवणं म्हणजे किडलेल्या दाताला टूथपेस्ट लावणं.

पण ॲक्सल बदलायचा ठरला की खरा घोळ कुठला आणायचा इथे होतो, आणि तुमच्या इतक्या लांब प्रतिक्रियेत त्यावर अवाक्षर नाही याचं मला नवल वाटलं. इथे मुख्यतः तीन प्रकार मिळतात. कंपनीचा, महाग. रीमॅन, म्हणजे जुनाच खोलून, खाचा घासून, जरा मोठ्या गोळ्या घालून बांधलेला. जुना परत दिला की अनामत परत. आणि तिसरा, नवा कोरा पण अनोळखी बनावटीचा, चकचकीत आणि स्वस्त. या तिसऱ्याचा दोष लगेच कळत नाही. त्याच्या दांड्याची जाडी मूळच्यासारखी असेलच असं नाही, काहींवर थरथर गिळणारं डँपरचं वजनच नसतं. सिग्नलला गिअरमध्ये थांबलं की स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक इंजिन माउंट बदलत बसतात. वाचवायचे असतील तर पैसे मजुरीत वाचवावेत, पार्टमध्ये नाही. इथे मजुरी तासाला शंभर-दीडशे डॉलर पडते. मी ती वाचवली आणि त्यातून कंपनीचा ॲक्सल घेतला. गॅरेजने मला दिलेल्या भावात कुठला ॲक्सल येणार हे विचारल्यावर 'चांगलाच असतो हो' एवढंच उत्तर मिळालं होतं.

जोडीचं: ब्रेक पॅड जोडीने, शॉकॲब्सॉर्बर जोडीने. ॲक्सल नाही. डावा गप्प आहे, त्याचा बूट शाबूत आहे. त्याला हात लावून गिअरबॉक्सचं ऑइल अडवणारं सील उगाच कशाला डिवचा?

आता अलाइनमेंट, कारण यात तुम्ही सगळे बोल्ट एकाच मापाने मोजलेत. ॲक्सल सुटावा म्हणून नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो हब धरणारा भाग, बाहेर ओढायला दोन वाटा आहेत. वर स्ट्रटचे (शॉकॲब्सॉर्बरच्या खांबाचे) दोन मोठे बोल्ट सोडायचे, किंवा खाली बॉल जॉइंट आर्मपासून सोडायचा. स्ट्रटच्या भोकांत बोल्टला किंचित खेळ असतो आणि कँबर, म्हणजे चाकाचा उभा कल, तिथेच ठरतो. ते सोडले तर तुमचं म्हणणं खरं, अलाइनमेंट करून घ्यावीच लागते. खालच्या बॉल जॉइंटला सिएनात एक बोल्ट आणि दोन नट. तिथे काही जुळवायचं नसतंच. जसं होतं तसंच परत बसतं. स्टिअरिंगच्या टाय रॉडचंही तेच. त्याची निमुळती पिन नकलमधून काढली, आतला लॉकनट फिरवला नाही, तर टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं, हलत नाही. मी मुद्दाम खालची वाट धरली. एबीएसच्या वायरीला ताण बसू न देणं एवढी एक काळजी.

आणि पाऊण तास! डावी बाजू असती तर मीही वाद घातला नसता. गिअरबॉक्स डावीकडे असल्यामुळे उजवा शाफ्ट लांबलचक, आणि तो इंजिनच्या मागून एका ब्रॅकेटमधून येतो. त्या ब्रॅकेटमध्ये बेअरिंग असतं, लॉक आणि एका बोल्टने धरलेलं. पुस्तकात लिहिलंय, लॉक काढा, बोल्ट काढा, शाफ्ट ओढा. पुस्तक लिहिणाऱ्याने मिशिगनमधला हिवाळा काढलेला नसावा. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि इथले रस्ते थंडीभर मीठ खातात. ते खारं पाणी वर्षानुवर्षं त्या बेअरिंगवर उडतं, आणि बेअरिंग ब्रॅकेटशी असं एकजीव होतं की दोन वस्तू होत्या हेच विसरायला होतं. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी पंच लावून हातोडा मारला, पहार लावून पाहिली. ढिम्म. शेवटी ब्रॅकेटचेच बोल्ट इंजिनवरून काढले आणि शाफ्ट ब्रॅकेटसकट बाहेर घेतला. मग जमिनीवर बसून, हवी तितकी जागा घेऊन, बेअरिंग मागून ठोकून काढलं. ब्रॅकेटचं भोक तारेच्या ब्रशने चकचकीत केलं, पुन्हा गंजून चिकटू नये म्हणून अँटीसीझ लावलं, मगच नवा ॲक्सल आत. तुमच्या पोऱ्याचं कसब मला मान्य आहे. त्याने पुण्याच्या कोरड्या हवेतली गाडी हाताळली आहे.

त्याच पोऱ्याचं एक मात्र सांगतो. हबचा नट तो एअर गनने 'ट्रर्र' करून सोडून देतो ना? त्या नटावर नुसता ॲक्सल टिकून नसतो, हबचं बेअरिंगही त्याच दाबावर एकत्र राहतं. म्हणूनच ॲक्सल काढून ठेवलेली गाडी चाकावर ढकलू नये. माझ्या गाडीला २९४ न्यूटन-मीटर, म्हणजे २१७ फूट-पाउंड लागतात. मुलीला ब्रेकवर बसवलं, टॉर्क रेंचने कट्ट आवाज येईपर्यंत ओढलं, आणि नट नवा, कारण याची कड छन्नीने खाचेत दाबून लॉक करतात. एकदा दाबलेली कड उलगडून तोच नट परत वापरायचा नसतो. जुना सोडताना आधी ती कड उचलायची. न उचलता गन लावली तर शाफ्टचे आटे जातात. नवा ॲक्सल टाकायचाच असेल तर त्याचं दुःख नाही, पण बेअरिंगच्या कामासाठी चांगला ॲक्सल सोडवताना असं झालं तर फुकटचा भुर्दंड.

गिअर ऑइलचं तुम्ही विचारलंत, ते लेखात यायला हवं होतं असं म्हणालात, तर इथे देतो. ॲक्सल आतून सुटला की थोडं ऑइल येतंच. मी खाली स्वच्छ डबा धरला, पडलेलं मापून तेवढंच आणि त्याच प्रतीचं नवं भरलं, मग गाडी गरम करून पातळी तपासली. नवा शाफ्ट आत सरकवताना दाते सीलच्या ओठाला घासू नयेत म्हणून दोन्ही हातांनी तोलून धरला. सील अजून कोरडं आहे.

आणि काका, एक मनापासून विचारतो. कोकणातून, समुद्राकाठच्या गावांतून आलेल्या गाड्या तुमच्याकडे येत असतीलच. मधल्या बेअरिंगचा असा लांब शाफ्ट त्यांच्यात अडकला तर तुम्ही गॅसने गरम करता की ब्रॅकेटच सोडवता? शेजारीच रबरी बूट आणि ऑइल सील असताना टॉर्च लावायचं धाडस मला झालं नाही. तुमची पद्धत प्रतिक्रियेत लिहा, मी ती मूळ लेखात वरच लावतो.