तीनदा धुतलेली बाटली

आज सकाळी शेजारच्या वहिनीकडे नारळ द्यायला गेलो होतो. मागच्या पडवीत चुलीच्या कडेला तेलाची बाटली होती, सगळ्यांकडे असते तशी. ओळखीची वाटली म्हणून फिरवून बघितली तर लेबल अर्धं खरवडलेलं, वरची कवटी गेलेली, खालचा लाल त्रिकोण तसाच. मोनोक्रोटोफॉस. काजूवर मारायचे ते कीटकनाशक. त्यात फोडणीचं खोबरेल, आणि दोन हातांवर तिचा तीन वर्षांचा नातू बसून पेज खातोय.

मी ओरडलोच. वहिनी म्हणाली, "अरे तीनदा धुतलीय रे, राखेने घासून. मुद्दाम व्हाळावर नेऊन धुतली."

व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर! खाली अर्ध्या गावाची गुरं तिथं पाणी पितात.

मी जास्तच करतोय असं वाटत असेल काहींना. माझ्या काकाला त्या दिवशी ज्यांनी बघितलंय त्यांना नाही वाटणार.

मी सातवीत होतो. जानेवारी महिना, काजूला मोहर आलेला, ढेकण्या, म्हणजे मोहराचा रस शोषणारा किडा, पडू नये म्हणून काका सकाळपासून डोंगरावरच्या भाटात, म्हणजे बागेत, पंप मारत होता. अनवाणी, हाफ पँट, तोंडाला रुमाल. भातावर मारताना खाली पडतं, काजूचं झाड मात्र डोक्याच्या वर, त्यामुळे वर मारलेलं सगळं तोंडावर आणि खांद्यावर येतं, त्यात पाठीवरचा पंप गळका. अकराच्या सुमारास खाली आला तो झोकांड्या खातच. घामाने निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती. आणि आपल्याकडे झोकांड्या खाणारा माणूस दिसला की पहिलं काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. "सकाळीच लावलीय." अंगणात बसवून लिंबूपाणी पाजलं, आजीने दृष्ट काढली, यात अर्धा तास गेला. छाती घरघरायला लागली तेव्हा कुणीतरी टेम्पो काढला.

दवाखान्यात डॉक्टरने डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. त्याने एकच विचारलं, "बाटली आणली काय?" आम्ही एकमेकांकडे बघतोय. बाटली भाटात. मग नर्सने कात्रीने त्याचा शर्ट कापला, कारण तोवर तो भिजलेला शर्ट कुणी काढलाच नव्हता! अख्खा रस्ताभर ते विष त्याच्या पाठीतून आत जात होतं आणि आम्ही त्याला वारा घालत होतो.

हे विष पोटात जावं लागत नाही हो, कातडीतून जातं. नसांमधून निरोप गेला की तो थांबवणारं एक द्रव्य असतं अंगात, हे त्यालाच निकामी करतं, मग घाम, लाळ, स्नायू सगळं चालूच राहतं आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात. काकाला ॲट्रोपिनची, म्हणजे उताऱ्याची, इंजेक्शनं दिली, एक झालं की दुसरं, छातीतली घरघर सुकेपर्यंत. वाचला. बाटली सोबत असती तर डॉक्टरला अंदाजाने सुरुवात करावी लागली नसती.

२०१३ मध्ये बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुलं गेली ती याच मोनोक्रोटोफॉसने. तेल त्याच्याच रिकाम्या डब्यात ठेवलेलं. वहिनीला हे सांगितलं तर तिचा हात थांबला, पण म्हणाली, "त्यांनी नीट धुतला नसेल."

तीनदा धुवायचं हे खरं आहे. पण ते परत वापरायला नाही! प्रत्येक वेळचं पाणी पंपातच ओतायचं, व्हाळात नाही, विहिरीकडे तर नाहीच, आणि मग बाटलीला भोकं पाडायची, म्हणजे तिच्यात परत कुणी तेल, रॉकेल, फेणी काही भरू नये. हे कुणी सांगितलं वहिनीला? विकणाऱ्याने पैसे घेतले आणि बाटली पेपरात गुंडाळून दिली. सोबतचा कागद मुंगीएवढ्या अक्षरात. भाजीवर हे मारायला २००५ पासून बंदी, २०२३ च्या ऑर्डरने तर त्याचं नेहमीचं ३६ टक्क्यांचं औषधही बंद झालं, पण माळ्यावरच्या बाटल्यांना ऑर्डर वाचता येत नाही ना.

आणि भाटकार लोक, म्हणजे बागांचे मालक, तुमच्यावर मला जास्त राग आहे. आता पंप कोण मारतो? झारखंडचा पोरगा. त्याला ते लेबल कुठल्याच भाषेत वाचून दाखवलेलं नसतं. तुम्ही त्याला हातमोजे देत नाही, गमबूट देत नाही, दुपारी बारा वाजता उन्हात पाठवता, नोझल चोंदलं की तो तोंडाने फुंकतो, मध्येच त्याच हाताने तंबाखू मळतो. तोंडाला रुमाल बांधला की झालं असं तुम्हाला वाटतं, रुमाल भिजला की विषाची पट्टी नाकावर बांधल्यासारखंच आहे ते. २०१७ मध्ये यवतमाळात कापसावर फवारणी करून २० च्या वर माणसं मेली. मराठी पेपरांत रोज येत होतं. आपण वाचलं आणि पान उलटलं.

ठीक आहे, ढेकण्या पडला की मोहर करपतो आणि वर्ष हातचं जातं, मान्य, आमच्या घरातली पोरं काजूवरच शिकलीत. पण सकाळी लवकर, वाऱ्याकडे पाठ करून, अंगभर कपडे घालून मारता येतं. संध्याकाळी साबण लावून आंघोळ करायची, ते कपडे वेगळे धुवायचे. कुणाला गरगरलं तर आधी कपडे काढा, साबणाने धुवा, १०८ ला फोन करा, आणि बाटली सोबत न्या. दूध, तूप, लिंबू काही पाजत बसू नका.

वहिनीवर ओरडायला नको होतं मी. तिने ती बाटली चांगली जाड आहे, झाकण घट्ट बसतं म्हणून जपून ठेवली होती. तिच्या जागी माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं. आमच्याही घरात तसल्या डब्यात कधी काय काय ठेवलेलं असेल, आठवून पोटात गोळा येतो.

दुपारी परत गेलो. काचेची बरणी घेऊन. बाटलीला खिळ्याने चार भोकं पाडली, वहिनीने पाडू दिली. पण तेल तिने आधीच वाटीत काढून ठेवलेलं. म्हणाली, "खायला नाही वापरत रे, समईला तरी होईल."

उद्या सकाळी परत जाणार आहे.