त्यांना ‘सवयीचे रुग्ण’ म्हणू नका

रुग्णालयाच्या इमर्जन्सीत पुन्हा पुन्हा येणाऱ्यांना तुमच्या लेखात ‘सवयीचे रुग्ण’ म्हटलंय, ते वाचून वाईट वाटलं. मी अनेक वर्षं इमर्जन्सीत नर्स होते. वर्षात चार किंवा अधिक फेऱ्या झाल्या की ‘वारंवार येणारा’ असा शिक्का साधारणपणे बसतो. दम्याचे एक आजोबा महिन्यात तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हटलं, “आजोबा, पंप कसा घेता ते दाखवा बरं.” त्यांनी पंप दाबला, थांबले, मग श्वास घेतला. औषध सगळं जिभेवर! आणि आम्ही दर वेळी नेब्युलायझर (मास्कमधून औषधाची वाफ) देऊन घरी पाठवत होतो. हे मला आधी सुचलं नाही, याची बोच आजही आहे.

अर्थात नुसत्या पाठपुराव्यानेही भागत नाही. अमेरिकेत कॅमडेन शहरात वारंवार दाखल होणाऱ्या 800 रुग्णांचा अभ्यास झाला, 2020 साली प्रसिद्ध झाला. घरी जाऊन मदत केलेले आणि न केलेले, दोन्ही गटांत 180 दिवसांत पुन्हा दाखल होणारे सुमारे 62 टक्केच. डोक्यावर छप्पर नसणं, व्यसन, एकटेपणा यांवर केसपेपरात औषध लिहिता येत नाही. रात्री दोनला उघडं दार एकच असतं. तिथेही कपाळाला आठ्या दिसल्या, की पुढच्या वेळी छातीतली खरी कळ माणूस अंगावर काढतो.