लेझरनंतर फिटच्या गोळ्या बंद? अजिबात नाही

"रोबोट लेझरने मेंदूतली फिटची गाठ जाळतो. कवटीला हात लावत नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी, गोळ्या कायमच्या बंद. कुठलीही फिट बरी होते." हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि खाली लगेच प्रश्न: मग गोळ्या आत्तापासूनच कमी करायच्या का?

नाही! सगळ्यात घातक वाक्य "गोळ्या कायमच्या बंद" हेच आहे. जाळलेल्या जागेभोवती सूज येते आणि त्या सुजेनेही फिट येऊ शकते. म्हणून ऑपरेशननंतर फिटच्या गोळ्या चालूच राहतात, जोडीला सूज उतरवायला काही दिवस स्टेरॉइड. बराच काळ एकही फिट आली नाही, तरच डॉक्टर हळूहळू मात्रा उतरवतात. एकदम बंद केल्या तर फिट थांबतच नाही, अशी वेळ येऊ शकते. त्यात जीव जातो.

रोबोट ऑपरेशन करत नाही. आधी आखलेल्या रेषेवर त्याचा हात हत्यार धरून स्थिर राहतो, एवढंच. कवटीला तीन-चार मिमीचं छिद्र सर्जनच पाडतो. त्यातून दोन मिमीपेक्षाही बारीक नळी जाते. आत लेझरचा तंतू, भोवती तो गार ठेवणारं सलाईन. तापवणं एमआरआयमध्ये चालतं. पडद्यावर दर काही सेकंदांनी तापमानाचा नवा नकाशा येतो. वाचवायच्या भागावर साधारण 50 अंशांची मर्यादा लावतात. ती गाठली की लेझर आपोआप बंद होतो. पण नकाशा काही सेकंद मागे असतो आणि तेवढ्यात उष्णता पुढे सरकते. अमेरिकेत औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने 2018 मध्ये नेमक्या याच धोक्याचा इशारा दिला होता. शेजारची दृष्टीची वाट भाजली तर नजरेचा एक कोपरा जातो.

"कुठलीही फिट"? दोन योग्य औषधांनी आटोक्यात न आलेली, आणि ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) व एमआरआयवर एकाच जागेतून उठणारी फिट असेल तरच विचार होतो. 2019 च्या अभ्यासात मेंदूच्या कानाजवळच्या टेम्पोरल भागातल्या फिटचे 234 रुग्ण होते. त्रासदायक फिटपासून सुटले सुमारे 58 टक्के.

टाका एखादाच, एक-दोन दिवसांत घरी, हे मात्र बहुतेकदा खरं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या खोल गाठीमुळे कारण नसताना हसू फुटण्याची फिट येणाऱ्या मुलांना तर या पद्धतीचा खरोखर मोठा आधार आहे. गोळ्या त्यांच्याही चालूच असतात.