सगळ्यांना घेऊन सहलीला जाताय? आधी बॅगांपाशी कोण बसणार ते ठरवा

परवा रात्री साडेअकराला परत आलो. वाघोलीपासून कोथरूडपर्यंत किती वेळ लागला ते सांगत नाही, पुणेकरांना सांगायची गरज नाही आणि बाहेरच्यांना खरं वाटणार नाही. अकरा माणसं, चार दिवस, एक सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर. आई, बाबा, आत्या, दादा-वहिनी, त्यांची दोन, आम्ही दोघं, आमचा एक आणि वहिनीचे बाबा. एवढा दांडगा अनुभव गाठीला आलाय तर तुम्हालाही चार टिप्स द्याव्यात म्हटलं, दिवाळीची सुट्टी गेली तरी मे महिना आहेच.

सुरुवात अशी करायची. पोरं वॉटर पार्क म्हणतात. तुम्ही म्हणायचं, "दरवर्षी काय त्या राईडा आणि ते ओले टॉवेल, यावेळी काहीतरी असं करू की आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना एन्जॉय करता येईल." हे वाक्य पाठच करून ठेवा. एकदा हे मोठ्याने म्हटलं की आजी-आजोबांना पुढे काही विचारावं लागत नाही.

मग व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा आणि त्यावर पोल टाकायचा. आमच्याकडे आईला पोल कुठे दाबायचा ते कळलं नाही, बाबांनी तिन्ही ऑप्शन दाबले आणि आत्याने गुलाबाचं फूल पाठवून शुभ सकाळ केलं. दादाने निकाल जाहीर केला, अजिंठा-वेरूळ, बहुमताने.

आता एक्सेल. एक्सेल हवंच. आमच्या दादाने रंगीत केलं होतं, सकाळी ६.४० निघणे, ९.१५ रांजणगाव दर्शन (२० मिनिटं), ९.३५ नाश्ता. वीस मिनिटांत अकरा माणसांचे बूट काढून, महागणपतीचं दर्शन घेऊन, परत बूट घालून, ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन येऊन गाडीत बसायचं. आपण लष्करात आहोत असं समजायचं.

एक्सेलमध्ये सगळं टाका, फक्त कुठली जागा कुठल्या वारी बंद असते तेवढं बघू नका, मजा जाते. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. हे काही गुपित नाहीये, वर्षानुवर्षं तसंच आहे, शाळेच्या सहलीवाल्यांनाही माहीत असतं. आम्ही सोमवारी पुण्याहून निघालो आणि मंगळवारी सकाळी साडेनऊला वेरूळच्या बंद गेटासमोर उभे होतो. अकरा जण. नुसती अदलाबदल केली असती, मंगळवारी अजिंठा आणि बुधवारी वेरूळ, तरी सगळं झालं असतं. दादा म्हणाला, "चला, घृष्णेश्वर तर होईल." झालं. दीड तास रांग, गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांनी शर्ट-बनियन काढायचं हे आमच्या सोळा वर्षांच्या भाच्याला तिथेच कळलं, तो बाहेरच थांबला आणि अजून आमच्याशी नीट बोलत नाहीये.

जेवणाच्या वेळा पाळू नका. वहिनीच्या बाबांना शुगर आहे, साडेबाराला दोन पोळ्या पोटात लागतात, त्यांना "पुढे एक मस्त हॉटेल आहे" असं तीन वाजेपर्यंत सांगत राहता येतं.

बाथरूमचा विषय कुणी काढला तर "आत्ताच तर थांबलो होतो!"

कुणाचा उपास आहे हे ताटं आल्यावर विचारा.

खोल्या घेताना पोरांना तळमजल्यावर आणि गुडघेवाल्यांना दुसऱ्या मजल्यावर, वरून व्ह्यू छान दिसतो.

पुण्यातलं काही लिस्टमध्ये घेऊ नका. मी ग्रुपवर लिहिलं होतं की चारातला एक दिवस इथेच काढू, केळकर म्युझियम बघू. दादाचा रिप्लाय, "अगं ते काय कधीही बघता येतं." बरोबर आहे. पोरं दहावीला पोचली, अजून कधीही आलेलं नाही. मी आमच्या पोराला शाळेच्या प्रोजेक्टसाठी एकदा तिथे नेलं होतं, आई सहज बरोबर आली होती. आत अडकित्ते, समया, वज्र्या, सोंगट्या, फण्या, कोरलेले दरवाजे, एका माणसाने आयुष्यभर गोळा केलेल्या वीस हजारांवर वस्तू आणि सगळ्याला नाव आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. पोरगं वज्रीपाशी थांबलं, हे काय, पेपरवेट? आई म्हणाली, अरे पाय घासायचं असतं ते, माझ्या आजीकडे तांब्याची होती, वर मोर होता, न्हाणीत घासताना आतून खुळखुळ वाजायची. मग पुढचा तासभर तीच पुढे आणि पोरगं मागे, हे कशाचं, ते कशाचं, मी मागून फक्त पर्स धरून चालत होते. पण हे असलं काही प्लॅन करू नये. पेट्रोल जळत नाही, स्टेटसला टाकायला काही मिळत नाही.

आता मुख्य टिप.

अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवावी लागते, तिथून त्यांच्या बसने चारेक किलोमीटर आत. बसमधून उतरलं की तिकीट काढायचं आणि पायऱ्या. पायऱ्या दिसल्या की आईकडे बघायचं नाही. आई स्वतःच म्हणते, "जा तुम्ही, मी बसते इथे, मला काय करायचंय बघून." हे ऐकलं की एक सेकंदही न थांबता "बरं" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, दुसऱ्यांदा विचारलं तर ती कदाचित येईल. मग सावलीतला कट्टा शोधायचा, तिला बसवायचं आणि खांद्यावरची सॅक काढून तिच्याशेजारी ठेवायची. एकाने ठेवली की सगळे ठेवतात. आमच्या सात बॅगा झाल्या, एक थर्मास, दोन जॅकेटं (अजिंठ्यात, दुपारी, जॅकेटं!), खाऊची पिशवी आणि भाचीची ती हेडफोनची डबी जी "आजी, ही फक्त हातातच धर हं". आईला आपण सहलीला आणतो ते याच्यासाठीच. लॉकरला पैसे पडतात.

पायऱ्यांच्या तोंडाशी डोलीवाले उभे होते. खुर्चीला दोन दांडे, चार माणसं, वर नेऊन लेणी दाखवून खाली आणतात. त्यातला एक जण दोनदा येऊन विचारून गेला, आजींना नेऊ का. दादा म्हणाला, "नको हो, तिला कसंतरीच वाटेल, सगळे बघतात." तिला विचारलं का? नाही. भाव विचारला होता, तो ऐकून त्याला कसंतरी वाटलं होतं. याच दादाने त्याच संध्याकाळी पोरांसाठी हॉटेलवर पिझ्झे मागवले, साइड-बिड्ससकट, त्याचं बिल मी बघितलंय.

वर काय झालं तेही सांगते. बाबा चाळीसेक पायऱ्यांवर गुडघा धरून बसले, नवरा त्यांच्याजवळ थांबला. आत्या, वय ७१, रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या करते, ती सगळ्यांच्या आधी वर आणि वरून आम्हाला "या या" करत होती. म्हणजे म्हातारी माणसं ही काही एकच जात नसते, पण एक्सेलमध्ये त्यांचा कॉलम एकच होता, सीनियर्स. पोरांनी १ नंबरच्या लेण्यात चप्पल काढताना कुरकुर केली, आत अंधार, फ्लॅश मारायचा नाही, चार मिनिटांत बाहेर. नेटवर्क आहे का?

त्याच लेण्यात भिंतीवर पद्मपाणी आहे, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व.

माझ्या आजोळी ओसरीवर पद्मपाणीचं चित्र होतं, कॅलेंडरवरचं. साल संपल्यावर आजोबांनी तारखांचा भाग कापून चित्राला फ्रेम केली होती. आई त्या चित्राखाली बसून पाढे शिकली, आम्हाला शंभरदा सांगितलंय तिने, त्याच्या हातातलं कमळ, ती झुकलेली मान, एका बाजूचा रंग उडालाय तो खराच तसा आहे की कॅलेंडरमुळे तसा दिसायचा हे तिला एकदा बघायचंय. शंभरदा. दादालाही. आणि मी त्याच्यासमोर उभी होते, त्या मंद लाईटमध्ये, तेव्हा मला ते आठवलं. निघताना नाही, पायऱ्यांपाशी नाही, तिथे. आणि तरीही मी खाली गेले नाही, म्हटलं आता एवढं आलोय तर २६ पर्यंत जाऊन येऊ, तिथला तो झोपलेला बुद्ध बघू.

अडीच तासांनी खाली आलो तर आई एका दगड विकणाऱ्या बाईशी गप्पा मारत बसली होती. त्या बाईची मुलगी नर्सिंगला आहे, सासू फार वाईट आहे, सगळं आईला माहीत. डबी हातात. म्हणाली, "झालं का बघून? छान होतं ना?" आणि भाचीने डबी घेतली आणि थँक्यू पण म्हटलं नाही.

मला चीड कशाची येते सांगू का, वेरूळचं कैलास लेणं गेटातून आत गेलं की समोरच आहे. १६ नंबर. आठव्या शतकात वरून खाली खोदत आणलेलं अख्खं देऊळ, आणि त्याच्या अंगणात आई आरामात फिरली असती, बाबा फिरले असते, वहिनीचे बाबा फिरले असते, पोरांनाही हत्ती बघून निदान दहा मिनिटं फोन आठवला नसता. सगळ्यांना जमेल अशी एकच जागा होती आख्ख्या ट्रिपमध्ये आणि आपण ती मंगळवारी ठेवली! बरं गुरुवारी सकाळी तरी जायचं, हॉटेलपासून तीस किलोमीटर, पण गुरुवारी एक्सेलमध्ये शॉपिंग होतं. पैठणी. आईसाठी. तिला विचारलं होतं का पैठणी हवीय का? तिच्या कपाटात तीन पडल्यात, एकदाही न नेसलेल्या.

तर आता टिप्स बास. दादा, तू हे वाचशील, वहिनी तुला पाठवेलच, म्हणून सरळच सांगते. तू वाईट नाहीस, तुझी धावपळ मला दिसली, गाडी तू ठरवलीस, पैसे तू जास्त घातलेस. पण तू आईबाबांना सहलीला नेलं नाहीस, बरोबर घेतलंस, जसं चार्जर घेतो तसं. एक फोन करून वार विचारता येत नाही? डोलीवाल्याला "थांबा, तिलाच विचारतो" एवढं म्हणता येत नाही? आणि मीही तुझ्यामागे मुकाट चालत गेले, सॅक मीच पहिली ठेवली होती तिच्याशेजारी, हे मला माहितीये, म्हणूनच दोन दिवस झोप नाहीये मला. आणि वाचणाऱ्यांनो, तुम्ही पण फार मान डोलवू नका, आपापल्या गॅलरीत जाऊन बघा, ट्रिपच्या फोटोत आई कितीत आहे आणि किती फोटोंत नुसता तिच्या साडीचा काठ आणि बॅगा आहेत.

काल रात्री ग्रुपवर नवीन पोल आलाय. "मे ट्रिप!!! १. रायगड २. राजगड ३. हरिश्चंद्रगड." रायगडला निदान रोपवे आहे. बाबांनी तिन्ही दाबलेत.

मी आईला फोन करून विचारलं, तुला कुठे जायचंय. ती म्हणाली, "तुम्ही ठरवा गं, मला काय." मी म्हटलं, आई, हे दुसऱ्यांदा विचारतेय. मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "ती डोली कितीला होती गं?"