दुतोंड्या

आमच्या हॉलमधलं घड्याळ भिंतीवर उलटं टांगलेलं आहे. चुकून नाही, मुद्दाम. घरी येणारा माणूस चहा येईपर्यंत सभ्यपणे गप्प बसतो, पहिल्या घोटाला मान वाकडी करतो आणि दुसऱ्या घोटाला विचारतो, "काका, ते घड्याळ...?" सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी विचारलं, गॅसची टाकी आणणाऱ्याने विचारलं. केबलवाला तर न विचारताच स्टुलावर चढला. मी ओरडलो, "हात लावू नका, लंडनची वेळ आहे ती!" तो ज्या नजरेने माझ्याकडे बघत खाली उतरला, ती नजर मला ओळखीची होती. निवृत्त झालो त्या महिन्यात घरचेही माझ्याकडे असंच बघायचे.

आमची चिऊ लंडनला शिकते. एक वर्षाचं मास्टर्स. मी आयुष्यभर नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये नोकरी केली. डोळ्यांपुढून गेलेल्या नोटा मोजायला मशीनच लागेल. पण फीचा आकडा आला तेव्हा चारचौघांसारखा फायलींची पिशवी घेऊन शैक्षणिक कर्जाच्या टेबलापुढे उभा होतो. साहेबांनी विचारलं, "नोकरी कुठे होती?" मी सांगितलं. ते इतके हसले, की कर्ज मंजूर होणार हे मला तिथेच कळलं. तिच्या पासपोर्टची पुस्तिकाही आमच्या शेजारच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली. आपल्या जेलरोडच्या घरापासून हाकेच्या अंतरावर जन्मलेली ती वही सात हजार किलोमीटर उडून गेली आणि आम्ही इथे घड्याळाकडे बघत बसलो.

ती सप्टेंबरात गेली तेव्हा फरक साडेचार तासांचा होता. साडेचार वजा करणं हे साठीनंतर शिकायचं गणित नव्हे. त्यात ही, म्हणजे चिऊची आई, वजा करायच्या जागी मिळवायची. रात्री नऊला म्हणायची, "नको बाई फोन, तिकडे दीड वाजला असेल, झोपली असेल पोर." तेव्हा पोर तिकडे दुपारी साडेचारला बसच्या वरच्या मजल्यावर बसून आमच्या फोनची वाट बघत असायची. जरा कुठे सवय झाली, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथल्या लोकांनी घड्याळ एक तास मागे घेतलं. हे मी हिला सांगितलं तेव्हा तिने कणीक मळणं थांबवून विचारलं, "सगळ्यांनी मिळून? आणि सूर्याला कोणी सांगितलं?"

झाला साडेपाच तासांचा फरक. तेव्हा मुक्तिधामजवळच्या आमच्या कट्ट्यावर, तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत, त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, उलटं धरलं आणि म्हणाले, "ही घ्या लंडनची वेळ." आपले बारा वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेसहा दिसतात. आपले सात, तर तिकडे दीड. वजाबाकी नाही, हातचा नाही. मला गणिताच्या मास्तरांनी दहा वर्षांत दिला नव्हता तेवढा आनंद त्या अर्ध्या मिनिटात झाला. घरी येऊन भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. ते पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवात भेट मिळालेलं, आकडे नाहीत, नुसत्या सोनेरी रेघा. सहाच्या बाजूला मागून तार ओवली आणि टांगलं. पतसंस्थेचं नाव तेवढं शीर्षासनात गेलं.

हिने त्याचं नाव ठेवलं दुतोंड्या. गंगेवर आमचा दुतोंड्या मारुती आहे, पुढे एक तोंड, मागे एक. (गंगा म्हणजे गोदावरी. नाशिकचा माणूस गोदावरी फक्त निबंधात म्हणतो.) पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं, की सगळं नाशिक एकच विचारतं, मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला आलं तर बघायला जायचं, कमरेला आलं तर बघायला जायचं आणि पोलिसांनी हाकललं की घरी यायचं. चिऊने नाव ऐकलं आणि तेव्हापासून ती आपली हालहवालही त्याच मापात सांगायला लागली. नुसती दमली असेल तर "पाणी गुडघ्याला." निबंध द्यायचा असेल तर "कमरेला." महिनाअखेर असेल तर "गळ्याला, बाबा," आणि पुढे दोन सेकंद शांतता. ती शांतता कितीची आहे हे मला बरोबर कळतं.

तिचं तिथलं आयुष्य आम्ही फोनच्या पडद्याएवढं पाहिलंय, पण रोज पाहिलंय. सहा खोल्यांत मिळून एक स्वयंपाकघर. फ्रीजमध्ये माणशी एक कप्पा, कपाटात एक खण. तिच्या खणात गोडा मसाला, चिवडा आणि तीन पिशव्यांत गुंडाळलेला हिंग. पहिल्या आठवड्यात डबी उघडी राहिली, तर शेजारच्या खोलीतली चिनी मुलगी गॅस गळतोय म्हणून खाली कळवायला निघाली होती. कपडे धुवायचं मशीन तळघरात, पैसे मोबाइलवरून. पाच मिनिटं उशीर झाला, की कोणीतरी आपले ओले कपडे काढून वर ठेवतो, तेही घडी न घालता, याचं हिला अजून दुःख आहे. वर्ग शहराच्या मध्यावर, खोली लांब. भुयारी रेल्वे महाग, म्हणून चिऊ बसने जाते. एकदा पैसे दिले, की तासाभरात दुसरी बस बदलली तरी पुन्हा पैसे नाहीत. कोर्स चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं, ते ती एका कॅफेत करते. घरी असताना स्वतःचा कप कधी विसळला नव्हता. ही गोष्ट मी बोलत नाही, फक्त लिहितो.

पौंडाचा हिशेब आमच्या घरी दोन पद्धतींनी चालतो. मी सोयीसाठी शंभराने गुणतो, ही एकशेवीसने. त्यामुळे चिऊने काहीही घेतलं तरी ते माझ्यापेक्षा हिला वीस टक्के जास्त टोचतं. प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या कोथिंबिरीच्या चार काड्यांचा भाव ऐकून ही सुन्न झाली. ज्या गावात भाव पडला की शेतकरी कोथिंबिरीच्या जुड्या रस्त्यावर ओतून जातो, त्या गावची बाई ती. मात्र संध्याकाळी दुकानात उरलेल्या मालावर पिवळी चिठ्ठी लावून किंमत उतरवतात, हे कळल्यावर तिचा लंडनविषयी आदर एकदम वाढला. "म्हणजे आपल्या बुधवारच्या बाजारासारखंच की! दिवे लागले की जा, तोवर मुळीच घेऊ नकोस."

डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. थंडीचं मी मनावर घेतलं नव्हतं. निफाडचा पारा उतरला की पेपरात पहिल्या पानावर छापून आणणारे आम्ही लोक. पण अंधाराचं आमच्याकडे काही उत्तर नव्हतं. अशाच एका संध्याकाळी चिऊला पिठलं खावंसं वाटलं. तिकडचे सात, म्हणजे आमची रात्रीची साडेबारा. ही केस बांधून फोनसमोर बसली. कॅमेरा कढईवर.

"तेल तापलं का?"

"नाही गं."

"मग थांब."

तिथे ज्योत नसते, काचेचा सपाट चुला असतो. तापता तापत नाही, आणि एकदा तापला की ऐकत नाही. मोहरी पडली ती तडतडली नाही, उडालीच. लसूण गेला, मिरच्या गेल्या, आणि पडदा पांढरा झाला. त्या पांढऱ्यातून सहा देशांची माणसं खोकत होती. हिला इथे जेलरोडला ठसका लागला, हे मी शपथेवर सांगतो. आणि चाळीस वर्षांच्या सवयीने ही ओरडली, "अगं दार उघड आधी, दार!"

आता तिथली गंमत अशी, की स्वयंपाकघरातलं यंत्र उष्णता ओळखतं, धूर नाही. धूर ओळखणारं यंत्र बाहेरच्या बोळात असतं. म्हणून तर दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, दार बंद ठेवा. चिऊला ते पाठ होतं. पण आई ओरडली की हात आपोआप चालतात. दार उघडलं, धूर बोळात गेला आणि भोंगा सुरू झाला. तो इतका मोठा होता, की आमच्या खालच्या मजल्यावरचा दिवा लागला. तिकडे सहाही मजले रिकामे. एक मुलगा टॉवेलवर, डोक्याला फेस. बाहेर दोन अंश. चिऊच्या हातात फोन चालूच, आणि फोनमधून ही दिसेल त्याला हात जोडून सांगतेय, "सॉरी हं, सॉरी, मोहरी जळली." गर्दीतून चिऊचा आवाज आला, "बाबा, पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं."

अर्ध्या तासाने सगळे आत गेले. पिठलं उरलं होतं, ते खोकणाऱ्यांनीच ब्रेडला लावून संपवलं. आग लागल्यापेक्षा जास्त हिला ते लागलं. ब्रेडला!

दुतोंड्याने तोवर चोख काम केलं होतं. संक्रांतीच्या आधी जळमटं काढायला म्हणून कामाच्या मावशींनी ते घड्याळ उतरवलं, पुसलं आणि चांगल्या मनाने सरळ लावलं. आकडे नाहीत, त्यामुळे आम्हाला कळायचा मार्ग नव्हता. पतसंस्थेचं नाव सरळ झालं होतं, पण पतसंस्थेचं नाव कोण वाचतं? दुसऱ्या दिवशी सकाळी हिने चहा ठेवला, वर पाहिलं. सात. "अहो, सात वाजले तिकडे. लवकर उठून अभ्यास करणार होती ना? लावा फोन." इथे किती वाजलेत याचा विचार करणं आम्ही सोडूनच दिलं होतं. निवृत्ताच्या घरात इथली वेळ लागते कोणाला? ज्या फोनवरून लावला, त्याच्यावरही वेळ दिसत होती, हे मला नंतर सांगण्यात आलं.

पहिल्याच रिंगला उचलला. अंधार. आणि थरथरता आवाज, "कोण गेलं?"

"म्हणजे?"

"बाबा, खरं सांगा. आजी?"

"अगं आजी इथे चहात खारी बुडवतेय."

"मग काका?"

"सगळे आहेत. तू उठलीस का, ते विचारायला केला."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "आता उठले." तिकडे रात्रीचा दीड वाजला होता.

मावशींना मी समजावलं, की हे ताईच्या गावचं घड्याळ आहे, तिथे वेळ उलटी दिसते. त्या म्हणाल्या, "उलटं घड्याळ घरात चांगलं नसतं, दादा." मी सांगितलं, तिथे वर्षातून दोनदा सरकार घड्याळ पुढे-मागे करतं. त्यांनी फडकं पिळलं. "मग बरोबर आहे. असू द्या उलटंच."

मार्चमध्ये तिने दुकानातला फोटो पाठवला. प्लॅस्टिकच्या डबीत हिरवीगार द्राक्षं, चिठ्ठीवर देश भारत. मी तो निफाडच्या चुलतभावाला पाठवला, त्याचाही माल बोटीने बाहेर जातो. त्याने एकच विचारलं, "डबी केवढ्याला?" चिऊने कळवलेली किंमत मी शंभराने गुणून सांगितली. एकशेवीसने गुणायचा मला धीर झाला नाही. तो बराच वेळ गप्प होता. पाणी कुठवर आलंय, हे त्याला विचारायची गरज पडली नाही.

आणि मग महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिकडच्या लोकांनी घड्याळ परत एक तास पुढे नेलं. मला याचा पत्ता नाही. सोमवारी दुतोंड्यात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. दहाला तिचा वर्ग, म्हणजे आत्ता चहा घेत असेल, या हिशेबाने मी फोन लावला. तिकडे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती वर्गापुढे उभी, लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडलेला, आणि नेमका लॅपटॉपवरही तोच व्हॉट्सॲप चालू. पडद्यावर तिच्या तक्त्याच्या जागी मी उगवलो. सोमेश्वरच्या धबधब्यापुढे दोन्ही हात वर करून उभा, खाली देवनागरीत "बाबा". तिच्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, घे, आधी बोलून घे. तिने घेतला. मी अख्ख्या वर्गाला विचारलं, "जेवलीस का?"

तेव्हा मी दुतोंड्याचे काटे तासभर पुढे केले. आता तो उलटा बघितला तर लंडन बरोबर, सरळ बघितला तर थेट म्यानमारची वेळ, नाशिकची नाही. हिने एकदा चुकून सरळ वाचला आणि आम्ही संध्याकाळी साडेसहाला जेवून बसलो.

मावशी मात्र तरबेज झाल्या आहेत. परवा फरशी पुसता पुसता त्यांनी मान खांद्याला टेकवली, दुतोंड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, सात वाजले. ताई उठल्या असतील." मी फोन लावला. खूप वेळ वाजला. शेवटी उशीतून आवाज आला, "बाबा, आज रविवार आहे."

मी घड्याळाकडे पाहिलं. मान वाकडी करून पाहिलं, सरळ करून पाहिलं. वार कुठेच नव्हता.

"तरीच," मावशी बादली उचलत म्हणाल्या, "शाळेच्या रिक्षा दिसल्या नाहीत येताना."