बोलपटाच्या आधी थेटरात साधी माणसं नव्हतीच का?

नमस्कार, सविस्तर कॉमेंटबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की सुरुवातीचा सिनेमा गोऱ्या साहेबांची आणि पैसेवाल्यांची करमणूक होती, साधी माणसं थेटरात आली ती १९३१ ला बोलपट आल्यावर, आणि मी मूकपटांना उगाच लोकांचा सिनेमा म्हणतोय.

मुंबईच्या वॉटसन हॉटेलपुरतं तुमचं बरोबर आहे. ७ जुलै १८९६ ला तिथं ल्युमिएर या फ्रेंच बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला, तिकीट एक रुपया, रोजंदारीवरच्या माणसाचं ते कामच नव्हतं. पण पुढचा आठवडा बघा ना, १४ जुलैपासून तेच खेळ नॉव्हेल्टी थेटरात सुरू झाले आणि तिथं लवकरच चार आण्यापासून दोन रुपयांपर्यंत तिकिटं झाली, वर पडदा पाळणाऱ्या बायकांसाठी वेगळे बॉक्स. हे काही साहेबांसाठी केलेलं नाही.

मग फाळके. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कॉरोनेशनला लागला. पुढे तो सुरतेला नेला तेव्हा लोकांना दोन आण्यात पाच-सहा तासांचं नाटक बघायची सवय, तर फाळक्यांनी जाहिरात काय केली, सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यात! ही भाषा पैसा वसूल झाला का ते बघणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायची आहे. मूकपटात मधेमधे पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या इंग्रजी आणि हिंदीत असायच्या, वाचता येणारा मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ऐकायचे, म्हणून अक्षरओळख नसलेल्याचंही अडत नव्हतं. पुण्यात १९१५ ला बापूसाहेब पाठकांनी आर्यन थेटर काढलं ते मंडईजवळ, साहेबांच्या कॅम्पात नाही, हेही लक्षात घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तंबूतला फिरता सिनेमा, ज्याचा तुमच्या कॉमेंटमध्ये उल्लेखच नाही. अब्दुलअली युसुफअली आधी आग्नेय आशियात आणि १९०८ पासून आपल्याकडे गावोगाव तंबू घेऊन फिरत होते, शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद, हजारेक माणूस आत मावायचं. १९१४ ला ते मुंबईत स्थिरावले, पुढे 'आलम आरा' काढणाऱ्या अर्देशीर इराणींसोबत अलेक्झांड्रा थेटर चालवायला घेतलं, मग १९१८ ला मॅजेस्टिक बांधलं. तुम्ही ज्या बोलपटाचा दाखला देताय तो 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला लागला तो याच मॅजेस्टिकला.