82व्या मिनिटाच्या पुढचं मिनिट

परवा प्रॅक्टिस संपल्यावर बूट सोडता सोडता एका पोरानं विचारलं, "सर, 2017 ला आपल्याकडं झालेल्या अंडर-17 फुटबॉल वर्ल्ड कपला आपल्या टीमनं तीन मॅचमध्ये नऊ गोल खाल्ले होते ना?" त्यावेळी हा पोरगा तीन-चार वर्षांचा असेल. त्यानं एकही मॅच पाहिलेली नाही, मोबाइलवर कुठंतरी आकडा वाचलाय. आकडा खरा आहे. अमेरिकेकडून 3-0, कोलंबियाकडून 2-1, घानाकडून 4-0. पण त्या आकड्यात काय काय मावत नाही हे सांगायला मला तिथंच मैदानावर अर्धा तास लागला, आणि तरी पुरं झालं नाही. घरी आलो तरी डोक्यातून जाईना, म्हणून इथं लिहितोय. पोस्ट लांबणार आहे.

9 ऑक्टोबर 2017, सोमवार. मॅच दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, आणि आम्ही कोल्हापुरात तालमीच्या (आमच्याकडं फुटबॉल क्लबला तालीमच म्हणतात) खोलीत, एका टीव्हीसमोर पंचवीस-तीस जण. तीन दिवसांपूर्वी अमेरिकेनं हरवलेलं, पण त्या मॅचमध्येही अन्वर अलीचा फटका आडव्या दांड्यावर बसला आणि त्याच चेंडूवर उलटा हल्ला होऊन तिसरा गोल आपल्यावर चढला, हे सगळ्यांच्या मनात होतं. कोलंबियाविरुद्ध हाफ टाइमच्या तोंडावर राहुल कन्नोलीचा फटका पोलवर आदळला. खोलीतल्या प्रत्येकाचा हात कपाळावर. दुसऱ्या हाफला सुरुवात होते न होते तोच कोलंबियाच्या पेन्यालोसानं गोल मारला. 1-0.

मग 82वं मिनिट. संजीव स्टॅलिननं कॉर्नर टाकला, मणिपूरचा जॅक्सन सिंग सगळ्यांच्या वर उठला आणि हेडिंग सरळ जाळ्यात. फिफाच्या कुठल्याही वयोगटातल्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल. खोलीत काय झालं ते लिहून सांगता येणार नाही. माझ्या शेजारी तालमीचे एक जुने खेळाडू बसले होते, वय सत्तरच्या पुढं, गुडघे गेलेले. ते उठून उभे राहिले होते आणि त्यांना कोणी उठवलं हे त्यांनाच माहीत नव्हतं.

आणि 83व्या मिनिटाला पेन्यालोसानं पुन्हा गोल मारला.

आम्ही अजून एकमेकांच्या गळ्यातच होतो. काहींनी तो गोल पाहिलाच नाही, पडद्यावर 2-1 दिसल्यावर कळलं. दिल्लीतही वेगळं काही घडलं नव्हतं. आपली पोरं सोळा-सतरा वर्षांची, समोर पन्नास हजारांच्या आसपास माणसं, देशाच्या इतिहासातला पहिला गोल नुकताच झालेला. पाय सेंटरला परत आले होते, मन अजून कॉर्नरच्या झेंड्यापाशी होतं.

दुसऱ्या दिवशी सगळीकडं एकच सूर. पोरांचं लक्ष उडालं, दम नाही, मानसिकता नाही. मला तेव्हाही हे पटलं नव्हतं, आज तर अजिबात पटत नाही. गोल झाल्यावर पुढची दोन मिनिटं कशी काढायची, हे भाषणानं शिकवता येत नाही. तुम्ही मॅचमध्ये गोल मारता, लगेच गोल खाता, घरी जाऊन रडता, पुढच्या रविवारी पुन्हा तसंच होता होता वाचतं, आणि तिसऱ्यांदा तुम्ही गोल मारून आपणहून धावत मागं येता. ती सवय मॅच खेळूनच लागते. समोरच्या टीममधली पोरं आठव्या-नवव्या वर्षापासून दर आठवड्याला लीग खेळत आलेली. आपल्या पोरांना देशभरातून गोळा करून दोन-अडीच वर्षं कॅम्पमध्ये ठेवलं, परदेशात नेऊन सराव सामने खेळवले. वर्ल्ड कपच्या वर्षातच कोच बदलला, जर्मनीचे निकोलाय अॅडम गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस आले. मातोस यांनी हातात होतं त्यातून चांगली टीम उभी केली, हे मी आजही म्हणेन. पण आठ वर्षांच्या मॅचेस दोन वर्षांच्या कॅम्पमध्ये भरून निघत नाहीत.

त्या टीममध्ये आपला अनिकेत जाधव होता. कोल्हापूरचा पोरगा, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. अमेरिकेविरुद्धच्या मॅचला तो निळी जर्सी घालून पुढच्या फळीत उतरला, तेव्हा आमच्याकडं लोकांनी पेठ विसरून टाळ्या वाजवल्या. बाहेरच्यांना हे किरकोळ वाटेल. ज्यानं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या दोन तालमींची चुरशीची मॅच पाहिली आहे, त्याला या वाक्याचं वजन कळेल.

वर्ल्ड कप संपला. फायनल 28 ऑक्टोबरला कोलकात्यात, इंग्लंड 0-2 नं मागं पडून स्पेनविरुद्ध 5-2 नं जिंकलं, फिल फोडेनचे दोन गोल. पूर्ण स्पर्धेला 13,47,133 प्रेक्षक आले, या वयोगटाच्या वर्ल्ड कपमधला तोवरचा विक्रम. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तर भारताची एकही मॅच नव्हती, तरी पॅराग्वे आणि मालीची मॅच बघायला आपली माणसं गेली. त्याच्या आधी सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारनं एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला होता. आमच्याकडंही चेंडू आले, पोरं खेळली. चांगला दिवस होता, मी नाव ठेवणार नाही. पण पुढच्या रविवारी मॅच कुठं, हे त्या दहा लाखांतल्या कितीजणांना कोणी सांगितलं?

फोडेन त्याच नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीकडून चॅम्पियन्स लीगमध्ये उतरला. आपली टीम इंडियन अॅरोज या नावानं देशातल्या क्लबांच्या आय-लीगमध्ये उतरली, आणि हे मला फार योग्य वाटलं होतं, कारण मोठ्या माणसांच्या लीगमध्ये या पोरांना आठवड्याला एक खरी मॅच मिळणार होती. 29 नोव्हेंबरला पहिल्याच मॅचला त्यांनी चेन्नई सिटीला 3-0 हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे! सीझन संपला तेव्हा टीम तळाला होती, पण विशीच्या आतली पोरं मोठ्या क्लबांशी भिडून तळाला राहणं यात मला काही वावगं दिसत नाही. 2022 मध्ये अॅरोज बंद केली. तिच्या जागी एलिट युथ लीग आणू म्हणाले. लीग हवीच. पण जे चालू आहे ते आधी बंद करून मग दुसरं सुरू करायची घाई आपल्याकडं नेहमीच का असते, हे मला समजत नाही.

नऊ गोल खाल्लेल्या त्या टीमचं पुढं काय झालं हेही त्या पोराला सांगितलं. अन्वर अलीच्या हृदयात दोष सापडला, खेळणं थांबवायला सांगितलं गेलं. प्रकरण दिल्ली हायकोर्टापर्यंत गेलं. तोच अन्वर परत आला आणि जून 2022 मध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध आशिया कपच्या पात्रता सामन्यात सिनियर टीमसाठी सुरुवातीच्याच मिनिटांत गोल मारून गेला. जॅक्सन, सुरेश वांगजम, राहुल, धीरज, सगळे इंडियन सुपर लीगला (आयएसएल) खेळले. अनिकेत 2022 ची आयएसएल जिंकलेल्या हैदराबादच्या टीममध्ये होता. एका बॅचमधून एवढे खेळाडू याआधी कधी निघाले होते, कोणी सांगावं.

वर ज्या आजोबांचा उल्लेख केला, ते त्या रात्री घरी जाताना म्हणाले, "चौऱ्याहत्तर साली आपण आशियात पहिले होतो रे." मला माहीत नव्हतं. रात्री शोधून वाचलं. 1974, बँकॉक, आशियाई युवा स्पर्धा. फायनल इराणशी 2-2, दोघं संयुक्त विजेते. कॅप्टन शब्बीर अली, कोच अरुण घोष. भारताच्या युवा टीमनं आशियात मिळवलेलं ते शेवटचं विजेतेपद. आमच्या शाळेत क्रीडादिनाला भाषणं व्हायची, त्यात या टीमचं नाव मी एकदाही ऐकलं नाही. तुम्ही ऐकलंय का?

आता ज्या टीमसाठी मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते तिच्याबद्दल. 2018 ची अंडर-16, कोच बिबियानो फर्नांडिस. यांना यजमान म्हणून काही फुकट मिळालं नव्हतं, पात्रता मिळवून अंडर-16 च्या आशिया कपला मलेशियाला गेले. व्हिएतनामला 1-0 हरवलं. इराणशी 0-0, त्यात गोलकीपर नीरज कुमारनं पेनल्टी अडवली. इंडोनेशियाशी 0-0. गटात एकही गोल खाल्ला नाही. क्वार्टर फायनलला दक्षिण कोरियाकडून 1-0 नं हरले. सेमीला गेले असते तर थेट वर्ल्ड कप. एका गोलानं हुकलं. आता अंडर-17 वर्ल्ड कपला 48 टीम असतात, आशिया कपच्या क्वार्टर फायनलला पोचलं की तिकीट पक्कं. म्हणजे त्या पोरांनी जे 2018 मध्ये केलं, ते आजच्या नियमानं पुरलं असतं. त्यांच्याबद्दल कोणी पोस्ट लिहिलेल्या मला आठवत नाहीत, कारण ती हरायला दिल्लीत पन्नास हजारांसमोर नव्हती.

मुलींचं तर आणखी वाईट झालं. अंडर-17 मुलींचा वर्ल्ड कप भारतात 2020 ला होणार होता, कोविडमुळं आधी पुढं गेला, मग रद्दच झाला. ज्या मुली त्या वर्षासाठी तयार झाल्या होत्या त्यांचं वय निघून गेलं. 2022 ला स्पर्धा झाली, पण दोन महिने आधी फिफानं आपल्या फुटबॉल महासंघावर बंदी घातली, अकरा-बारा दिवसांनी उठवली. त्या दिवसांत कॅप्टन अस्तम उरांव आणि तिच्या टीमनं प्रॅक्टिस कशी केली असेल? आपली स्पर्धा होणार की नाही हेच माहीत नसताना? मग अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0, ब्राझीलकडून 5-0. पुण्याची काजोल डिसूझा त्या टीममध्ये होती. 8-0 वर हसणाऱ्यांना माझी विनंती आहे, तुमच्या गावात सोळा वर्षांखालच्या मुलींची लीग आहे का ते आधी बघा. आमच्याकडं मुली येतात, मन लावून खेळतात, आणि मॅच द्यायला समोर टीम नसते. मग त्या मुलांशी खेळतात, आणि दहावीचं वर्ष आलं की घरचे बंद करतात.

नोव्हेंबर 2025 मध्ये अहमदाबादला याच बिबियानो सरांच्या अंडर-17 टीमनं इराणला 2-1 हरवून आशिया कपचं तिकीट मिळवलं. जिंकल्याशिवाय जागा नव्हती, पहिला गोल इराणनं मारला होता, आणि तरी पोरं परत आली. मी ती मॅच दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा फक्त एवढंच बघायला, की आपला गोल झाल्यावर कोण किती लवकर मागं येतंय.

माझ्याकडं एक दोनशे पानी वही आहे. प्रत्येक पोराच्या नावापुढं मी एक एक रेघ मारतो, एक रेघ म्हणजे एक पूर्ण मॅच, शिट्टी ते शिट्टी, पंचासकट. गेल्या वर्षी ज्याच्या सगळ्यात जास्त रेघा झाल्या त्याच्या अकरा. चौदा वर्षांचा, डाव्या पायाचा, उत्तम हाफ, म्हणजे मधल्या फळीतला. वर्षाला अकरा मॅच! पावसाळ्यात मैदान चिखलाचं, उन्हाळ्यात सिनियर स्पर्धा, मधे परीक्षा. तो जेव्हा मला विचारतो की सर, आपण कोलंबियाशी का हरलो, तेव्हा मी वही उघडून दाखवतो.

यंदा आम्ही चार पेठांनी मिळून ठरवलंय, रविवारी सकाळी सात वाजता, मैदान मिळेल तिथं, अंडर-14 ची मॅच. बक्षीस नाही, पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत. पंचाला चहा-नाश्ता आम्ही देतो. गेल्या रविवारी त्याच डाव्या पायाच्या पोरानं कॉर्नरवरून गोल मारला. सगळे त्याच्या अंगावर पडले. मागनं गोलकीपर घसा फुटेस्तोवर ओरडत होता, "मागं फिरा! मागं फिरा रे!" आणि पोरं खरंच उठून पळत मागं आली. त्याच्या नावापुढं यंदाची ती नववी रेघ. अजून जानेवारी संपायचा आहे.